तिसऱ्या आठवड्यात काय होतं? मूलपेशी, कणा आणि एक पाच तासांचं घड्याळ

बारीकसारीक
रविवार, रात्री ११:२०

गेल्या आठवड्यात घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काकांनी २०२३ मधली एक बातमी पुन्हा ढकलली. शुक्राणू नको, बीजांड नको, प्रयोगशाळेत तयार झाला माणसाचा गर्भ, अशा थाटाची. त्याखाली लगेच आत्या, "तू तिकडे हेच करतेस ना गं?" हो म्हणावं तर घरात गोंधळ, नाही म्हणावं तर पूर्ण खरं नाही. मी हसरा चेहरा टाकून सटकले. तिथे न दिलेलं उत्तर इथे सविस्तर देतेय.

मी युरोपातल्या एका प्रयोगशाळेत मूलपेशींपासून, म्हणजे शरीरातली कुठलीही पेशी बनू शकणाऱ्या पेशींपासून, 'गॅस्ट्रुलॉइड' वाढवते. सुरुवातीच्या गर्भाची अर्धीमुर्धी नक्कल करणारे पेशींचे गोळे. आधी उंदराच्या पेशींचे, आता वर्षभर माणसाच्याही.

फलन झाल्यावर पहिल्या आठवड्याच्या शेवटी गर्भ म्हणजे पेशींचा पोकळ चेंडू. दुसऱ्या आठवड्यात तो गर्भाशयाच्या अस्तरात रुततो. खरी धांदल तिसऱ्या आठवड्यात. तोवर एक चपटी चकती असते, तिला डोकं नाही, शेपूट नाही, पाठपोट नाही. मग तिच्या एका कडेला एक रेघ उमटते. त्या आद्यरेषेतून पेशी आत घुसतात, तीन थर पडतात, आणि इथे डोकं, इथे ढुंगण, हे डावं, हे उजवं असा नकाशा ठरतो. हेच गॅस्ट्रुलेशन. लुईस वोलपर्ट हे ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ म्हणायचे की जन्म, लग्न किंवा मृत्यू नव्हे, तर गॅस्ट्रुलेशन हीच आयुष्यातली सगळ्यात महत्त्वाची घटना. पत्रिका मात्र फक्त लग्नाची छापतात.

आणि नेमकं हेच आपण माणसात जवळपास पाहिलेलं नाही. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी बाईची पाळी जेमतेम चुकलेली असते, सोनोग्राफीत गर्भ दिसत नाही. दुसरीकडे, बशीत वाढवलेला मानवी गर्भ १४ दिवसांच्या पुढे न्यायला बऱ्याच देशांत मनाई. ब्रिटनमध्ये वॉर्नॉक समितीने १९८४ मध्ये ही मर्यादा सुचवली, १९९० मध्ये तिचा कायदा झाला. चौदाच का? साधारण त्या सुमारास आद्यरेषा उमटते, आणि त्यानंतर एका गर्भाचे दोन होऊन जुळी होण्याची शक्यता संपते. म्हणजे 'एक व्यक्ती' म्हणायला काहीतरी टेकू मिळतो. बरीच वर्षं हा नियम कुणाला टोचला नाही, कारण गर्भ आठवडाभरापलीकडे कुणाला टिकवताच येत नव्हता. २०१६ मध्ये केंब्रिज आणि न्यूयॉर्कच्या दोन प्रयोगशाळांनी १२-१३ दिवसांपर्यंत मजल मारली आणि नियमापाशी येऊन प्रयोग थांबवले.

मग पाठ्यपुस्तकातली चित्रं कुठून आली? बरीचशी काचपट्ट्यांवरून. बोस्टनमध्ये १९३८ पासून पंधराएक वर्षं जॉन रॉक आणि आर्थर हर्टिग यांनी, गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया ठरलेल्या दोनशेहून जास्त बायकांकडून, त्यांच्या ओव्हुलेशनच्या तारखा जुळवून, पहिल्या १७ दिवसांतले ३४ गर्भ मिळवले. आज असा प्रस्ताव कुठल्याही नैतिक समितीने दारातूनच परत पाठवला असता. पण आपलं ज्ञान अजून त्या ३४ गर्भांवर उभं आहे. आणि काचपट्टीला एक मर्यादा असते. तिच्यावर आकार दिसतो, वेग दिसत नाही.

आता माझ्या टेबलावर या.

९६ खळग्यांची प्लास्टिकची प्लेट. प्रत्येक खळग्याचा तळ वाटीसारखा गोल, आणि त्याला पेशी चिकटू नयेत असा लेप. प्रत्येकात उंदराच्या साधारण ३०० मूलपेशी, ४० मायक्रोलिटर द्रवात. आम्ही 'सीडिंग' म्हणतो, पेरणीच ती. दोन दिवसांत पेशी एकमेकींना धरून गोळा करतात. ४८ तासांनी 'विंट' नावाचा संदेश चालू करणारं औषध द्यायचं, ७२ तासांनी ते धुऊन काढायचं. बस्स, इतकंच. त्यानंतर तो गोल गोळा एका बाजूने लांबायला लागतो. १२० तासांनी सूक्ष्मदर्शकाखाली शेंगदाण्यासारखं काहीतरी दिसतं, जेमतेम एक मिलिमीटर. एका टोकाला शेपटीचं जनुक चालू, दुसऱ्या टोकाला छातीच्या भागाची जनुकं. कुणी सांगितलं नाही, आईचं पोट नाही, वार (प्लासेंटा) नाही. तरी गोळ्याला पुढचं-मागचं कळलं. हे २०१४ मध्ये केंब्रिजला अल्फोन्सो मार्टिनेझ आरियास यांच्या गटाने दाखवलं. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा शेजारचीला हाक मारून दाखवलं होतं. तिने शांतपणे विचारलं, "आणि बाकीच्या ९५ खळग्यांत?" त्यातल्या निम्म्यांत माझं पिपेटचं टोक गोळ्यासकट द्रव ओढून बसलं होतं.

२०२० मध्ये त्याच गटाने माणसाच्या पेशींचे गॅस्ट्रुलॉइड केले. ७२ तासांत लांबणारे, साधारण १८ ते २१ दिवसांच्या गर्भाच्या धडाशी जुळणारे. मेंदू होणारा भाग त्यात नाही, वारही नाही. काकांच्या बातमीतलं प्रकरण वेगळं. इस्राएलच्या वाइझमन संस्थेत याकोब हन्ना यांच्या गटाने मूलपेशींपासून गर्भासोबतची आवरणं, पिशव्या सगळ्यांसकट १४ दिवसांच्या गर्भासारखी रचना केली. त्यांच्या द्रवात गरोदरपणाची पट्टी बुडवली तर ती पॉझिटिव्ह येते. पण तसे गोळे शंभरातले मोजकेच जमतात.

माझा जीव मात्र अडकलाय तो कण्याच्या घड्याळात. पाठीचे मणके ज्यांच्यापासून बनतात ते कायखंड डोक्याकडून शेपटीकडे जोडी-जोडीने कापले जातात, ठरलेल्या वेळाने. कोंबडीत ९० मिनिटांना एक जोडी, झेब्राफिश माशात अर्ध्या तासाला, उंदरात साधारण दोन तासांना. माणसात? २०२० पर्यंत नुसता अंदाज होता. मग हार्वर्डचा एक गट आणि जपानचा एक गट, दोघांनी माणसाच्या मूलपेशींना त्या अवस्थेत नेलं, घड्याळाच्या जनुकाला चमकणारं प्रथिन जोडलं (जपानी गटाने काजव्याचं) आणि कॅमेरा लावला. पेशी मंद उजळतात, विझतात, उजळतात. पाच तासांनी एकदा.

ही आपली गती. आपल्या सगळ्यांच्या पाठीत एकदा चालून गेलेली. कुठल्याही काचपट्टीवर ती दिसली नसती.

विचारा काय विचारायचं ते.

---

लूप_लागला
रविवार, रात्री ११:५२

मस्त लिहिलंय. पण घड्याळ म्हणजे नक्की काय? लंबक कुठे आहे? आणि पाचच तास कशाने?

---

स्पष्टवक्ता
सोमवार, सकाळी ७:०५

लेख चांगला, पण मुद्द्याला बगल. तो गोळा जिवंत आहे का? पुढे वाढवला तर मूल होईल का? हो किंवा नाही.

---

बारीकसारीक
सोमवार, सकाळी ७:४०

@स्पष्टवक्ता, पेशी जिवंत आहेत. मूल होईल का, तर नाही. गॅस्ट्रुलॉइडला वार नाही, मेंदू नाही, दोन-चार दिवस जास्त ठेवला तर मधून काळा पडून मरतो, कारण आत प्राणवायू पोचवायला रक्तवाहिन्यांचं जाळं नाही. सगळ्या आवरणांसकट केलेल्या नमुन्यांबद्दल उत्तर इतकं ठणठणीत नाही. २०२३ मध्ये चीनमध्ये माकडाच्या मूलपेशींपासून केलेले पहिल्या आठवड्यातल्या गर्भासारखे गोळे आठ माकडिणींच्या गर्भाशयात सोडले. तिघींत गरोदरपणाची सुरुवातीची लक्षणं दिसली, पुढे काहीच नाही, सगळं विरून गेलं. माणसाच्या बाबतीत असं गर्भाशयात सोडणं मूलपेशी संशोधकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमांनी साफ बंद आहे, आणि ते बंदच राहावं असं मलाही वाटतं.

@लूप_लागला, संध्याकाळी सांगते. आज पेशींचं माध्यम, म्हणजे त्या ज्यात वाढतात तो द्रव, बदलायचा दिवस.

---

ऱ्हस्वदीर्घ
सोमवार, सकाळी ९:१५

'गॅस्ट्रुलॉइड'ला मराठी प्रतिशब्द का वापरत नाही? जीवशास्त्राच्या पुस्तकात कायखंड, आद्यरेषा हे शब्द आहेत, ते वापरलेत तर उरलेल्यांवर अन्याय का? 'आद्यांत्राभ' कसा वाटतो?

---

गवती_चहा
सोमवार, सकाळी ९:२१

आद्यांत्राभ ऐकून माझी आतडी पिळवटली.

---

बारीकसारीक
सोमवार, सकाळी ९:३०

@ऱ्हस्वदीर्घ, शब्द वाईट नाही, पण आम्ही आपसात 'गोळे' म्हणतो. आईला फोनवर 'आज गोळे फुटले' म्हटलं की तिला आधी भलतीच काळजी वाटायची, आता कळतं.

---

पुष्पक
सोमवार, दुपारी १२:४८

हे सगळं आपल्याकडे आधीच होतं. गांधारीने शंभर पुत्र मडक्यांत वाढवले ते काय होतं मग?

---

बारीकसारीक
सोमवार, दुपारी १:१०

मुलगी धरून १०१ मडकी, तुपाने भरलेली. माझ्या प्लेटला खळगे ९६. थोडक्यात हुकलं. पण खरंच सांगते, त्या गोष्टीत मांसाच्या गोळ्याचे तुकडे करून प्रत्येकातून पूर्ण माणूस येतो, ही कल्पना कुणाला तरी सुचली याचं मला कौतुक आहे. कल्पनेचं. कृती कुणी लिहून ठेवलेली नाही, आणि आमच्या धंद्यात कृतीला मोल.

---

स्पष्टवक्ता
सोमवार, दुपारी १:१५

@पुष्पक, दर धाग्यावर?

---

बारीकसारीक
सोमवार, रात्री १०:०५

@लूप_लागला, आता घड्याळ.

सोसायटीच्या गच्चीवरची टाकी डोळ्यासमोर आणा. खाली पंप, पंपापाशी वॉचमन. टाकी भरून वाहायला लागली की वरच्या मजल्यावरच्या काकू ओरडतात, वॉचमन पंप बंद करतो. मग पाणी संपेपर्यंत कुणी बघत नाही. नळ कोरडे झाले की पुन्हा ओरडा, पुन्हा पंप. टाकी कधीच मधोमध स्थिर राहत नाही. भरते, रिकामी होते, भरते. कारण ओरडा आणि पंप यांच्या मधे उशीर आहे.

पेशीत 'हेस७' नावाचं जनुक हा पंप. त्याचं प्रथिन तयार होतं आणि येऊन स्वतःच्याच जनुकाला बंद करतं. प्रथिन हळूहळू नष्ट होतं, जनुक पुन्हा चालू. लंबक म्हणाल तर हा उशीर. जनुकाची नक्कल निघायला वेळ, ती छाटून साफ करायला वेळ, प्रथिन बनायला वेळ, नष्ट व्हायला वेळ. जपानी गटाने मोजलं तर माणसाच्या पेशीत हे टप्पे उंदराच्या पेशीपेक्षा संथ निघाले.

आणि पुढचा प्रयोग मला फार आवडतो. त्यांनी माणसाचं हेस७ उंदराच्या पेशीत घातलं. घड्याळ कुणाच्या गतीने चालेल? जवळपास उंदराच्याच. म्हणजे वेग जनुकात लिहिलेला नाही, पेशीच्या घरात आहे. सून कुठलीही आणा, जेवायची वेळ सासरचीच.

आता शेजारच्या पेशी एकमेकींशी बोलून ताल धरतात, पण पुढच्या पेशी किंचित मागे राहतात, त्यामुळे शेपटीकडून डोक्याकडे उजेडाची लाट सरकताना दिसते. ज्वारीच्या शेतावरून वारा जातो तेव्हा कणसं जागेवर असतात, सरकते ती लाट, तसंच. लाट पुढे जाऊन जिथे थांबते तिथे एक कायखंड कापला जातो.

---

लूप_लागला
सोमवार, रात्री १०:३०

म्हणजे प्रोसेसर तोच, क्लॉक स्पीड मदरबोर्ड ठरवतो. मग प्राणी जितका मोठा तितकं घड्याळ सावकाश असं काही आहे का? हत्तीचं दिवसाला एक?

---

बारीकसारीक
सोमवार, रात्री १०:५२

सगळ्यांना असंच वाटलं होतं! बार्सिलोनात मिकी एबिसुया यांच्या गटाने हेच तपासायला ससा, गाय, गेंडा, मार्मोसेट माकड, उंदीर आणि माणूस अशा सहा प्राण्यांच्या पेशी एकत्र आणल्या. मूलपेशींचं प्राणिसंग्रहालय. गेंड्याचा गर्भ कोण देणार तपासायला, पण पेशी असल्या की काम भागतं. निकाल असा की शरीराच्या वजनाशी घड्याळाचं काही देणंघेणं नाही. मूठभर वजनाच्या मार्मोसेटचं घड्याळ माणसापेक्षाही सावकाश, आणि दोन टनी गेंड्याचं माणसापेक्षा थोडं जलदच. जुळतं ते त्या प्राण्याचा गर्भ आकार घ्यायला किती दिवस लावतो त्याच्याशी.

---

नवा_बाबा
मंगळवार, सकाळी ८:२०

ताई, थोडं विषयांतर. पुढच्या महिन्यात आमच्याकडे बाळ येणार आहे. नाळेतल्या मूलपेशी साठवायला एका कंपनीचा माणूस मागे लागलाय, हप्त्यावर. ह्या त्याच मूलपेशी का? पुढे मणके वगैरे बनवता येतील असं तो म्हणाला.

---

कृष्णाकाठ
मंगळवार, सकाळी ८:५५

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, कऱ्हाडकडे. हे मी सांगतो. त्या ह्या नव्हेत. नाळेतल्या रक्तातल्या मूलपेशी रक्ताच्या पेशी बनवतात. धाग्यात चाललंय ते कुठलीही पेशी बनू शकणाऱ्या मूलपेशींबद्दल. २०१७ च्या भारतीय मार्गदर्शक सूचनांत खाजगी बँकेत स्वतःपुरतं नाळेचं रक्त साठवण्याची शिफारस नाही. घरात आधीच एखाद्या मुलाला रक्ताचा आजार असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा डॉक्टरांशी बोला. मणक्याचं आश्वासन देणाऱ्याला चहा पाजा आणि निरोप द्या. अभिनंदन!

बाकी धाग्याबद्दल. आमच्याकडे मुली येतात तेव्हा सहावा-सातवा आठवडा उजाडलेला असतो. पाठीच्या मज्जारज्जूची नळी गर्भ २८ दिवसांचा व्हायच्या आत मिटते. फॉलिक ॲसिडची गोळी त्यासाठी असते, रोज ४०० मायक्रोग्रॅम, आणि ती गर्भ राहण्याच्या आधीपासून घ्यायची. आम्ही चिठ्ठीवर लिहितो तेव्हा ते दार बऱ्याचदा बंद झालेलं असतं. तुमचा तिसरा आठवडा आम्हाला दवाखान्यात भेटतच नाही.

---

निशिगंध
मंगळवार, दुपारी ३:४०

मी सहसा लिहीत नाही. माझ्या मुलीला जन्मापासून कण्यात वाक आहे, एक मणका अर्धाच तयार झालेला. आता ती नऊ वर्षांची आहे, शस्त्रक्रिया झाली, पट्टा लावून सायकल चालवते. तिच्या वेळी मी ऑफिसच्या कामासाठी खूप प्रवास केला होता. सासूबाई अजून ते काढतात. तुमच्या त्या घड्याळाचं इथे काही असतं का?

---

बारीकसारीक
मंगळवार, संध्याकाळी ६:३०

निशिगंध, असतं. म्हणूनच मी हे काम धरलं.

कायखंड नीट कापले गेले नाहीत तर पुढे मणके अर्धे राहतात, जोडले जातात, बरगड्या चुकतात. काही घरांत हेस७ किंवा मेस्प२ या जनुकांतला दोष सापडतो. डिसेंबर २०२२ मध्ये क्योटो आणि हार्वर्डच्या गटांनी माणसाच्या मूलपेशींपासून कायखंडांची चक्क माळ करून दाखवली. क्योटोच्या माळेत एक गंमत होती. घड्याळ टिकटिकत होतं, पण 'अ' जीवनसत्त्वाचं एक रूप द्रवात घातल्याशिवाय खंडांना नीट भिंती येत नव्हत्या. मग त्यांनी ही जनुकं बंद करून बघितली. हेस७ नसेल तर घड्याळच थांबतं. मेस्प२ नसेल तर घड्याळ चालतं, लाटा येतात, पण काप पडत नाहीत. जन्मलेल्या बाळाच्या एक्स-रेमध्ये दोन्ही 'मणके नीट नाहीत' असंच दिसेल. बिघाड मात्र वेगवेगळ्या टप्प्यावर.

तुमच्या मुलीचं नक्की काय झालं ते मी सांगू शकत नाही. एवढं सांगते की माणसाच्या जोड्या चाळीसच्या आसपास, प्रत्येकीला पाच तास, म्हणजे सगळा खेळ साधारण आठ-नऊ दिवसांत, विसाव्या ते तिसाव्या दिवसाच्या दरम्यान उरकतो. तुम्हाला दिवस गेलेत हे कळलं तेव्हा तो अर्धा मणका बहुधा ठरून गेला होता.

---

कृष्णाकाठ
मंगळवार, रात्री ९:१०

बारीकसारीक म्हणतात त्याला डॉक्टर म्हणून दुजोरा. अशा बहुतेक मुलांत कारण सापडत नाही. उंदरांवर एक काम झालंय, एका जनुकाची एकच प्रत बिघडलेली असताना गर्भावस्थेत थोडा वेळ प्राणवायू कमी पडला तर मणक्याचे दोष वाढतात. म्हणजे दोन-तीन गोष्टी एकत्र यायला लागतात. ऑफिसचा प्रवास त्यात बसत नाही. सासूबाईंना माझं नाव सांगा, हवं तर फोनवर बोलतो.

---

निशिगंध
मंगळवार, रात्री ९:२६

धन्यवाद. दोघांनाही. हे आज त्यांना वाचून दाखवते.

---

स्पष्टवक्ता
बुधवार, सकाळी १०:००

मघाचा सूर जरा चढा होता, मान्य. तरी एक शंका आहे. तुम्ही म्हणता गोळा माणसाच्या १८-२१ दिवसांच्या गर्भासारखा. तो खरा गर्भ कुणी पाहिलेला नाही असंही तुम्हीच म्हणता. मग 'सारखा' हे ठरवलं कुणी?

---

बारीकसारीक
बुधवार, रात्री ११:१५

हा प्रश्न आमच्या गटाच्या बैठकीत दर महिन्याला येतो आणि दर महिन्याला खोलीत शांतता पसरते.

जुळवून बघायला काय आहे? रॉक-हर्टिगसारखे जुने संग्रह. माकडांचे गर्भ. आणि २०२१ मध्ये ऑक्सफर्डच्या शंकर श्रीनिवास यांच्या गटाने प्रसिद्ध केलेला एक, फक्त एक, १६ ते १९ दिवसांचा मानवी गर्भ, गर्भपातानंतर बाईने संशोधनासाठी दिलेला. त्याच्या १,१९५ पेशींमधली जनुकं एकेक करून वाचली गेली. जगभरच्या गॅस्ट्रुलॉइडवाल्यांनी गेली काही वर्षं आपापले गोळे त्या एका गर्भाशी ताडून बघितलेत. एका माणसाच्या मापाने सगळ्या गावाचे सदरे शिवण्यासारखं आहे हे. तो गर्भ नेहमीसारखा होता की त्याच्यातच काही वेगळं होतं, कोण सांगणार?

म्हणून मला काकांच्या बातमीतल्या शर्यतीचा, 'कुणाचा नमुना जास्त पूर्ण' याचा, कंटाळा येतो. पूर्णाच्या जवळ जाल तसं नियम आडवे येतात, आणि यायलाच हवेत. ऑस्ट्रेलियात २०२१ मध्ये कातडीच्या पेशींपासून केलेल्या गोळ्यांना तिथल्या नियामकांनी कायद्याने गर्भच ठरवलं, म्हणजे परवान्याशिवाय काम बंद. आपल्याकडे २०१७ च्या सूचनांत १४ दिवस किंवा आद्यरेषा, जे आधी येईल ते, अशी मर्यादा आहे. ती लिहिली खऱ्या गर्भासाठी. तीन दिवसांत थेट धडच बनवणाऱ्या, चौदाव्या दिवसावरून न जाताच पुढे पोचणाऱ्या गोळ्याचे दिवस कुठून मोजायचे?

मला अपुरा नमुना आवडतो. नुसता कणा, नुसती नळी. एक प्रश्न, एक गोळा. लंडनच्या क्रिक संस्थेत जेम्स ब्रिस्को यांच्या गटाने २०२४ मध्ये गोळ्यात पृष्ठरज्जू (नोटोकॉर्ड, मणक्यांच्या आधी येणारा गर्भातला दांडा) उगवून दाखवला, आधीच्या गोळ्यांत तो येतच नव्हता. योग्य वेळी एक संदेश दाबला तेव्हा आला. म्हणजे त्यांना कळलं की तो संदेश कधी दाबला जायला हवा. सगळंच एकदम उगवलं असतं तर काय कशामुळे झालं हे शोधायला पुन्हा एकेक गोष्ट काढूनच बघावी लागली असती.

---

गवती_चहा
गुरुवार, सकाळी ८:०२

थॅलिडोमाइड राहिलं की. मी औषधनिर्माणशास्त्राची. गरोदरपणातल्या मळमळीवर दिलेलं औषध, दहा हजारांहून जास्त मुलं हातापायांविना किंवा अर्धवट हातापायांची जन्मली, १९६१ मध्ये उलगडा झाला. उंदीर-घुशींत तसे दोष दिसतच नाहीत, कारण ते औषध माणसाच्या पेशीत ज्या प्रथिनाला चिकटून घोटाळा करतं ते उंदरात किंचित वेगळं आहे. मानवी गोळ्यांवर औषधं तपासण्याचं काम आता सुरू झालंय ते मला तुमच्या घड्याळाहून जास्त मोलाचं वाटतं, राग मानू नका.

---

बारीकसारीक
गुरुवार, सकाळी ८:३०

राग कसला. भर एवढीच की गोळ्याला हात फुटत नाहीत, यकृत नाही. औषध शरीरात जाऊन बदलून विषारी होत असेल तर गोळ्याला पत्ता लागत नाही. गोळ्याने 'ठीक आहे' म्हटलं म्हणून औषध निर्धोक, असं नव्हे. गोळा बिघडला तर मात्र दोनदा विचार करावा.

---

खडू_फळा
शुक्रवार, रात्री ९:४५

उशिरा आले. मी वीस वर्षं महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवते. आमच्या पुणे विद्यापीठाच्या विभागात कोंबडीच्या गर्भाची मोठी परंपरा. डॉ. लीला मुल्हेरकर एडिनबर्गला भ्रूणशास्त्रज्ञ वॅडिंग्टन यांच्याकडे काम करून आल्या आणि त्यांनी इथे ते रुजवलं. परळच्या प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेत तर काइंड-१ आणि काइंड-२ या मानवी भ्रूणमूलपेशींच्या वाणांची पैदास झाली, हेही मुलांना ठाऊक नसतं.

आज तुमचा धागा वाचून बी.एस्सी.च्या कपाटातली जुनी पेटी काढली. ३३ तासांचं पिल्लू, ४८ तासांचं पिल्लू, गुलाबी पडलेल्या काचपट्ट्या, कोपऱ्यात बुरशी. आजवर मुलांकडून 'आकृती काढा, भागांना नावे द्या' एवढंच करून घेतलं. आज म्हटलं, कायखंड मोजा. ३३ तासांच्या पट्टीवर दहा जोड्या. ४८ तासांच्या पट्टीवर तीन मुलांनी एकोणीस मोजल्या, एकीने अठरा. पंधरा तासांत नऊ जोड्या, म्हणजे शंभर मिनिटांना एक. तुम्ही ९० म्हणालात. मुलं मला विचारतायत, आमचं चुकलं की त्यांचं?

---

बारीकसारीक
शुक्रवार, रात्री १०:२०

अहो मॅडम, काचपट्टीवर वेग दिसत नाही असं मी पहिल्याच पोस्टमध्ये ठोकून दिलं होतं. तुमच्या मुलांनी दोन पट्ट्या शेजारी ठेवून तो काढला! कोंबडीपुरतं तरी माझं वाक्य मागे घेते.

दहा मिनिटांच्या फरकाचं कारण इन्क्युबेटर. तापमान अर्धा-एक अंश कमी असेल तर घड्याळ मागे पडतं. शिवाय अंडं कोंबडीच्या पोटातच थोडं वाढून येतं, किती ते अंड्यागणिक वेगळं, आणि लेबलावरचे ४८ तास म्हणजे कुणीतरी सकाळी दहाला ठेवून परवा सकाळी दहाला काढलं इतकंच. ज्या मुलीने अठरा मोजल्या तिला शेवटची जोडी नीट कापली गेलीय का ते पुन्हा बघायला सांगा. बऱ्याचदा ती अर्धवट असते.

---

खडू_फळा
शनिवार, दुपारी १२:१०

बघितलं. अर्धवटच आहे.